रानाच्या फाटकावरची हाक

फाटकाजवळ नगरपालिकेनं पाटी लावलीय: "सोपी वाट. लहान मुलं आणि वृद्धांनाही चालेल." ती पाटी आठवली की मला आधी हसू येतं आणि मग डोकं फिरतं. त्याच सोप्या वाटेवर मी त्या दिवशी सकाळपासून घाण्याच्या बैलासारखी फिरत होते. फाटक सताड उघडं होतं, कुणी अडवत नव्हतं, पण मला बाहेर पडता येत नव्हतं.

अडवायला कुणाची काय गरज? माझी सासू होती ना सोबत.

गावाला लागूनच आमचं जुनं रान आहे. अर्ध्या गावाचं पाणी तिथल्या झऱ्यावरून येतं, म्हणून आजवर कुणी कुऱ्हाड लावली नाही. एकेक झाड असं की चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. वाट फाटकातून आत जाते, पारंब्यांच्या म्हाताऱ्या बलेतेला, म्हणजे आमच्याकडच्या वडाला, वळसा घालते आणि गोल फिरून त्याच फाटकाशी येते. रविवारी शाळेची पोरं खिदळत जातात नि खिदळत येतात.

पण फिलिपिन्सच्या या आमच्या इलोकोसात रानातून नुसतं बाहेर पडायचं नसतं. निघताना घरातलं मोठं माणूस प्रत्येकाला नावानं हाक मारतं, "चल, मागं राहू नकोस!" आणि ज्याला हाक मारली त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "आले!" नाही तर माणूस घरी येतं आणि जीव रानातच राहतो. मग त्या माणसाचं काही धड होत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, ठरवलेलं तडीला जात नाही.

माझा जीव तिथं राहिला होता. म्हणजे लोक असं म्हणत, आणि मीही मानत होते. मी समुद्रकाठची, मच्छीमारांची पोर. लग्न होऊन या गावात आले तेव्हा एवढी झाडं मी बघितलीच नव्हती. नव्या नवरीला रान दाखवायला नेलं आणि माझ्या पावलापुढंच वाळलेली फांदी वरून कोसळली. अशी फांदी, की तिच्याखाली म्हैस मेली असती. तोंडातून आवाज फुटेना. रात्रीपासून ताप, तो उतरेचना. वैदीणबाईनं नाडी धरली नि म्हणाली, "हिचा जीव रानात राहिलाय. सासूनं जाऊन हाक मारावी."

माझी सासू, दोमिंगाबाई, आम्ही सगळे तिला नानांग म्हणतो, म्हणजे आई. तर नानांग माझा पिवळा पोलका घेऊन रानात गेली. परत आली, पोलका माझ्या अंगावर टाकला नि म्हणाली, "बोलावलं. आली." चार दिवसांत ताप गेला आणि मी विसरून गेले.

माझा नवरा तेम्योंग हवाईला असतो. आमच्याकडे ज्या घरात जाल तिथला कुणी ना कुणी हवाईलाच असतो. तो मोठ्या हॉटेलात चादरी धुतो, दोन-तीन वर्षांनी येतो, महिनाभर राहतो, जातो. मूल झालं नाही. होणार कसं? लग्नाला किती वर्षं झाली हे सांगायला लोकांना फार आवडतं, मला नाही आवडत. मी आपली मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसायची. मान वर केली की समोर नानांग, मान खाली घातली की निळं कापड.

एकदा माझे हवाईला जायचे कागद आले. निघायच्या आदल्या दिवशी नानांग पंपाजवळ घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता मुद्दाम कुणी हाड मोडून घेत नाही, एवढं मलाही कळतं. राहिले. खूप वर्षांनी परत कागद आले. या वेळी ती बसस्टँडवर चक्कर येऊन पडली, आणि ते हाड मोडण्याइतकं खरं नव्हतं. घरी आणल्यावर तिनं दोन ताटल्या भात खाल्ला. मी भांडीच आपटली त्या दिवशी. म्हटलं, "माझ्या जन्माचं वाटोळं केलंत तुम्ही!"

तर शांतपणे दात कोरत म्हणाली, "कुठं जाशील तू? तेव्हा हाक मी मारलीच नव्हती. पोलका नेला तसाच आणला. जीव तुझा त्या रानात बसलाय."

त्या वाक्यानं मला जे धरलं ते धरलंच. शेजारची साबेल म्हणाली, म्हातारी उगाच बोलते. तेम्योंग फोनवर हसला, "अगं, विमानतळावर काय जिवाचं वजन करतात? ये निघून!"

"तुला बोलायला काय जातंय! तुझ्या आईनं तुला हाक मारून अख्खा पाठवलाय."

त्यावर त्याचं हसू थांबलं. तोही इलोकोसचाच शेवटी.

तिसऱ्यांदा कागद आले तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, आता नाही आलात तर बाद. परत अर्ज नाही की काही नाही. मी नानांगचे पाय धरायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "जायच्या दिवशी सकाळी मारीन हाक. आधी नाही."

म्हणून त्या सकाळी आम्ही दोघी रानात. तिच्या हातात काठी, खांद्याला टोपली, टोपलीत माझा पिवळा पोलका. इतकी वर्षं जपून ठेवला होता तिनं, कापराच्या वड्या घालून. बाहेर रस्त्यावर गावातला आंबो त्याची भाड्याची गाडी घेऊन उभा. मला मनिलाला पोचवणार होता. सामान गाडीत चढलेलं, त्यात नानांगनं तिच्या लेकासाठी दिलेले नारळ-तांदळाचे भाजलेले तुपिग आणि खारवलेल्या माशांची बरणी. आंबो म्हणाला, "निला, ती बरणी विमानात फुटली ना, तर पायलट आधी उडी मारेल."

"तू गप्प बस. अर्ध्या तासात आलोच आम्ही."

फाटकात शिरताना नानांग वाकली, म्हणाली, "बारी-बारी, अपो." वाट द्या, मालक, रागावू नका. मीही म्हटलं. आणि चालायला लागलो. एरवी मला तिथं बरं वाटतं. थंडगार असतं, पायाखाली पालापाचोळा मऊ लागतो. पण त्या दिवशी मला फक्त फाटक दिसत होतं, पुढं गेलं की मागंसुद्धा.

पहिला फेरा सरळ झाला. फाटकाशी आलो. मी उभी राहिले, हात जोडल्यासारखे. म्हटलं, "मारा हाक."

नानांगनं डोक्याला हात लावला. "अगंबाई! कंगवा पडला माझा."

"नवा घेईन."

"आईचा होता तो. शिंगाचा. कंगवा रानात ठेवून हाक मारली तर जीव कंगव्याला धरून बसतो."

असला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पण माझी दोरी तिच्या हातात होती. गेलो परत. मी वाकून वाकून पाचोळा चाळला, कंबर मोडली. बलेतेजवळ गेल्यावर तिनं टोपलीत हात घातला नि म्हणाली, "इथंच आहे की गं! पोलक्यात अडकला होता."

मी फाटकाकडं चालायला लागले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं देव जाणे.

दुसऱ्यांदा फाटकाशी आलो. रस्त्यावरून आंबोनं हॉर्न दिला. नानांग थांबली, काठी टेकली, आणि म्हणाली, "नैवेद्य राहिला."

"काय?"

"झाडाखालच्यांना नैवेद्य नको? इतकी वर्षं त्यांनी तुला सांभाळलं. फुकट सांभाळलं का?" आणि टोपलीतून केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, विड्याचं पान नि एक विडी काढली.

"अहो, मग मघाशी बलेतेजवळच होतो की आपण! तेव्हा का नाही काढलंत?"

"म्हातारं माणूस. विसरते."

"विसरता? तुम्ही कितवीत असताना शेजारणीनं तुमची कोंबडी चोरली ते आठवतं, आणि हे विसरता?"

"पाचवीत," ती म्हणाली नि चालायला लागली.

तिसऱ्या फेऱ्यात तिची चाल बिघडली. मोडलेला पाय ओढत होती. मी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. हो, केलं. मला राग इतका होता की वाटलं, दुखू दे. मला इतकी वर्षं दुखलं नाही का? बलेतेखाली नैवेद्य ठेवला. विडी पेटवून मुळाशी ठेवली. परत फाटकाकडं. हॉर्न दोनदा वाजला. मी घड्याळ बघितलं नाही, पण ऊन झाडांच्या शेंड्यावरून खाली आलं होतं, तेवढ्यावरून कळत होतं की आता उशीर व्हायला लागलाय.

फाटकाशी पोचल्यावर ती म्हणाली, "हे फाटक नव्हतं तेव्हा."

"म्हणजे?"

"जीव ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर येतो. तेव्हा आपण उलटीकडून शिरलो होतो. उलटं चालायला पाहिजे."

तिथं मात्र माझा तोल सुटला. "म्हातारे!" म्हटलं, आणि लगेच, "नानांग, तुम्ही मला जाऊ देणार नाही आहात. सरळ सांगा ना! विमान जाऊ दे, कागद बाद होऊ देत, नवरा तिकडं म्हातारा होऊ दे, एवढंच पाहिजे ना तुम्हाला?"

ती वळली नि उलट्या दिशेनं चालायला लागली. आणि मी, मूर्ख बाई, तिच्या मागून. चार पावलांवर उघडं फाटक. त्या दिवशी मला कळलं की कोंडायला भिंती लागत नाहीत.

बलेतेपर्यंत गेली आणि तिचा पाय लटपटायला लागला. काठी निसटली. मी धरलं नसतं तर परत खुबा मोडला असता. मुळावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. घोटा सुजून टम्म झाला होता. चोळायला लागले. शिव्या देत देत चोळत होते, पण चोळत होते.

"सावकाश," ती म्हणाली.

"सावकाश नाही, जोरात चोळणार. तुम्हाला अक्कल आहे का? या पायावर तीनदा फिरलात!"

ती पारंब्यांकडं बघायला लागली. मग म्हणाली, "लहानपणी मी या बलेतेत लपून बसायची. पारंब्यांच्या आत. आई तिकडं, आता फाटक आहे ना, तिथं उभी राहून ओरडायची, 'दोमिंगा! भात गार होतोय!' घसा बसेपर्यंत. मला मजा वाटायची."

मी चोळत राहिले.

"माझ्या तिन्ही पोरांना मी इथूनच हाक मारून बाहेर काढलंय. रानात आले की निघताना एकेकाचं नाव घ्यायची. एकदासुद्धा चुकले नाही. त्यांचा जीव अख्खाच्या अख्खा बाहेर आला. आणि मग? थोरला मनिलाला गेला, तिकडंच मेला. मधला कुठं आहे, फोनही नाही. तेम्योंग हवाईला. ज्याला ज्याला मी हाक मारली तो गेला. अख्खं माणूस निघून जातं, निला. थोडं मागं राहिलेलं माणूसच घरात टिकतं."

हात थांबला माझा.

"म्हणून तेव्हा पोलका घेऊन इथं बसले, याच मुळावर. तोंड उघडलं. आणि वाटलं, हिला कशाला बोलवू? हिला राहू दे. चूक म्हण, पाप म्हण. म्हणायचं ते म्हण."

मला वाटलं होतं, ती असं काही बोलली की माझा राग विरघळेल. कसला विरघळतो! उलट भडकला. म्हटलं, "आणि मी? मी काय कोंबडी, पाय बांधून अंगणात ठेवायला? माझं पोर झालं असतं नानांग! या घरात पोर असतं! तुमच्या त्या न मारलेल्या एका हाकेपायी नाही झालं!" आणि रडायलाच लागले. तिचा पाय मांडीवर, आणि त्यावरच रडतेय.

ती म्हणाली, "चल. उठव मला."

जवळपास खांद्यावर घेऊनच तिला फाटकाशी आणलं. आंबो आता हॉर्नवर हात ठेवून बसला होता. नानांगनं टोपलीतून पोलका काढला, झटकला, आणि रानाकडं तोंड करून असा आवाज लावला की मला तो तिच्या त्या वाळक्या छातीत असेल असं वाटलंच नव्हतं.

"लिओनिला! चल! मागं राहू नकोस! निघ तिथून!"

"आले!" मी ओरडले.

अंगात काही शिरलं-बिरलं नाही. खोटं कशाला सांगू? तिनं पोलका माझ्या खांद्यावर टाकला. वासानं शिंक आली मला.

आता माझी पाळी. ज्याला बोलावलं त्यानं मग मोठ्या माणसाचंही नाव घ्यायचं असतं, नाही तर त्याचा जीव राहतो. मी म्हटलं, "नानांग, चला. मागं राहू नका."

ती गप्प.

"नानांग, चला! मागं राहू नका!"

ओठ घट्ट मिटलेले. फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभी होती, बारक्या पोरासारखी.

"अहो, 'आले' म्हणा ना! आंबो निघून जाईल!"

"तू जा," ती म्हणाली. "तुला सोडलं मी. माझा जीव इथंच राहू दे. घरात कुणासाठी नेऊ तो? साबेल रात्री झोपायला येणार, तिच्यासाठी? इथं रविवारी पोरं तरी येतात."

तिसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा गप्प. आणि मला स्वच्छ दिसलं, आता मी अडकले ते कायमची. तिचा जीव रानात टाकून मी गाडीत बसणार नव्हते, हे तिला माहीत नव्हतं की काय? कदाचित माहीत नव्हतंही. कदाचित खरंच सोडत होती. पण माझ्यासाठी दोन्ही सारखंच. रस्त्यावर गाडीचं इंजिन सुरू झालं. आंबो ओरडला, "निला, मी चाललो हां! मला दुसरं भाडं आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सासू नाही, नानांग नाही, मोठी नाही, छोटी नाही, मला काही दिसेना. फाटकात कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सगळा घसा लावून ओरडले,

"दोमिंगा! चल घरी! भात गार होतोय!"

"आले गं आई!"

तिच्या तोंडून निघून गेलं. तिलाही कळलं नाही कसं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. तिनं हात तोंडावर ठेवला, पण शब्द बाहेर पडला होता, आता आत घालायचा कसा? झाडांवरून कसलेतरी पक्षी उडाले. मग तिनं काठी उचलली नि माझ्या पोटरीवर एक ठेवून दिली.

"बेशरम! सासूला नावानं हाक मारतेस? अगं-तुगं करतेस?"

"मारली! परत मारीन!"

आणि ती हसायला लागली. अर्धे दात पडलेलं तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही. आंबो खाली उतरून बघायला आला की या बायांना झालंय काय. त्याच्याच गाडीत तिला घरापर्यंत सोडली. उतरताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. साबेलला म्हणाली, "भात टाकलास का? गार नको मला." आणि आत गेली. मी मनिलाला पोचले तेव्हा विमानाला थोडाच वेळ होता. बरणी फुटली नाही.

आता मी इथं हवाईला. तेम्योंगच्याच हॉटेलात पडदे शिवते. गावातल्या बायांना वाटतं, निला सुटली.

कसली सुटली! पहिल्याच आठवड्यात साबेलचा फोन. "तुझी सासू जेवत नाही. ताट पुढं ठेवलं की म्हणते, हाक आली नाही." मी म्हटलं, द्या तिला फोन. ती तिकडं दुपारी जेवायला बसते तेव्हा इथं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मी मशीनवर असेन, बसमध्ये असेन, भर दुकानात असेन, त्या वेळेला मला फोन लावावाच लागतो. लावला की ओरडावंही लागतं, हळू बोललेलं ती ऐकत नाही. लोक वळून बघतात. परवा तर मोठ्या साहेबिणीसमोर ओरडले, "दोमिंगा! भात गार होतोय!"

तिकडून बराच वेळ काही नाही. ती मुद्दाम थांबते, मला माहीत आहे. माझा जीव कंठाशी येईपर्यंत थांबते. आणि मग येतं, "आले गं आई!"

मग तिच्या ताटात चमचा वाजतो. तो ऐकला की मी फोन ठेवते.